डाव्या खांद्याखाली पेसमेकर, डाव्या सीटवर बेल्ट

गेल्या वर्षी पेसमेकर बसवून घरी आले तेव्हा हाताचे व्यायाम, पथ्यपाणी, मोबाइल कुठल्या खिशात ठेवायचा, सगळं हॉस्पिटलने लिहून दिलं होतं. गाडीत बसताना पट्टा कसा लावायचा, एवढंच कुठे नव्हतं. आमच्या गावातून कुठल्याही मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर घाट चढावा लागतो. तीन-साडेतीन तास गाडीत बसणं चुकत नाही. म्हणून माझा अनुभव तारीखवार लिहून ठेवते आहे.

आमचं गाव आरे-वारेच्या रस्त्यावर, रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. ८ जून २०२४, शनिवार. मृग आदल्या दिवशी लागला होता आणि पडवीत पागोळ्यांचं पाणी येत होतं. बादली लावायला उठले आणि पुढचं काही आठवत नाही. यजमान सांगतात, अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आले, पण चेहरा पांढराफटक होता. रत्नागिरीत ईसीजी काढला, तेव्हा नाडी ३४. डॉक्टर म्हणाले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्याला पोचत नाही. आजच कोल्हापूर गाठा." अँब्युलन्सने आंबा घाट चढलो, नऊ हजार रुपये झाले. तिथे आधी तात्पुरता पेसमेकर लावला आणि मंगळवारी, ११ जूनला, कायमचा बसवला. डाव्या कॉलरबोनच्या खाली दोन इंचांची चीर, तिच्यात काडेपेटीपेक्षा लहान टायटॅनियमची डबी, आणि तिच्यातून शिरेवाटे हृदयात उतरणाऱ्या दोन तारा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या-जेवणाऱ्या माणसाला बहुधा डाव्या बाजूलाच बसवतात. हे 'डाव्या बाजूला' लक्षात ठेवा, पुढे त्याचंच सगळं आहे.

शुक्रवारी, १४ जूनला, डिस्चार्ज मिळाला. बिल तीन लाख दहा हजार. कागद सांभाळायचं काम पुतण्याकडे होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

यजमानांनी गाडी दारात आणली आणि सवयीने पुढच्या डाव्या सीटचं दार उघडलं. तीस वर्षं ती माझी जागा आहे. मी बसले, पट्टा ओढला, आणि तो खांद्यावरून उतरून नेमका ड्रेसिंगवर आला. पट्ट्याची कड टाक्यांच्या रेषेवर. मी काही बोलले नाही. यजमान चार रात्री हॉस्पिटलच्या बाकावर झोपले होते, त्यांना आणखी काळजी नको असं वाटलं. उजव्या हाताने पट्टा छातीपासून दोन बोटं दूर धरून ठेवला.

मलकापूरपर्यंत निभावलं. घाटात मात्र पट्टा वरचेवर अडकायला लागला. मागाहून मुलाने त्याचं कारण सांगितलं. पट्टा ज्या गुंडाळीवर असतो, तिच्यात एक छोटी गोळी असते. गाडीला जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी कलली की ती गोळी सरकते आणि गुंडाळी अडकते. म्हणजे पट्टा त्याचं काम करत होता. पण वळणावळणाला तो घट्ट होई, माझा हात दमून खाली येई आणि पट्टा पुन्हा जखमेवर बसे. साखरप्यापासून पुढे चौपदरीकरणासाठी रस्ता खणलेला होता, तिथे प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी आलं. पालीला चहाला थांबलो तेव्हा यजमानांनी चेहरा पाहिला आणि म्हणाले, "अगं, बोलायचं नाही का?" उतरून त्यांनी पट्टा माझ्या डाव्या काखेखालून घेतला. लगेच बरं वाटलं. आम्हा दोघांनाही तो मोठा शोध वाटला.

तो शोध धोक्याचा होता. ते आठवड्याने कळलं.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. "बॅटरी बसवलीत म्हणे," असं म्हणत अख्खी वाडी येऊन गेली. कोकणात पेसमेकर कोणी म्हणत नाही. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पाच किलोंपेक्षा जास्त वजन त्या हाताने उचलायचं नाही. तारा हृदयात पक्क्या बसेपर्यंत ही काळजी. पण हात अगदी बांधून ठेवूनही चालत नाही, खांदा आखडतो, म्हणून खांद्याच्या खालच्या हालचाली रोज करायच्या. मी पहिले पाच दिवस भीतीने हात हलवलाच नाही आणि सहाव्या दिवशी पोलक्याची बाही घालताना कळ आली. भिऊन हात आखडू देऊ नका.

२१ जूनला टाके काढायला रत्नागिरीला गेलो. वटपौर्णिमा होती. वडाला सूत गुंडाळायला हात वर करायचा नाही म्हणून ते जाऊबाईंनी माझ्या नावाने गुंडाळलं. वाटेत पट्टा काखेखालीच होता. टाके काढून झाल्यावर डॉक्टर आम्हाला सोडायला पावसात बाहेर आले. मी गाडीत बसून तसाच पट्टा लावताना त्यांनी पाहिलं आणि काचेवर टकटक केली. म्हणाले, "बाई, असा लावणार असाल तर अपघातात तुमचा पेसमेकर वाचेल आणि फासळ्या मोडतील. काखेखालून पट्टा घेतला की सगळा धक्का बरगड्यांच्या खालच्या भागावर येतो. आत डावीकडे प्लीहा आहे, उजवीकडे यकृत आहे. पट्टा खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांवरच पाहिजे."

मी चाळीस वर्षांखालच्या त्या डॉक्टरांची कायमची ऋणी आहे.

मग उपायांची शोधाशोध सुरू झाली. मुलाने पुण्याहून एक पॅड मागवून पाठवलं, किंमत ३४९ रुपये. ते उशीसारखं जाड आणि केसाळ होतं. आमच्या दमट हवेत दहा मिनिटांत त्याखाली घामाची धार लागली आणि नवीन कातडी खाजायला लागली. शिवाय ते पट्ट्यावरून घसरून पोटाशी यायचं. जाड पॅडची आणखी एक अडचण म्हणजे पट्टा अंगापासून सुटतो, आणि धक्क्याच्या वेळी माणूस तेवढा पुढे फेकला जातो. पट्टा चिमटीत धरून ढिला करणाऱ्या क्लिपाही मिळतात. त्यांचंही तेच, म्हणून घेतल्या नाहीत.

पुतण्याने वेगळंच सुचवलं. बेल्ट न लावता गाडीची पीं-पीं बंद करणारी खोटी पट्टी मिळते, ती खाचेत घालायची. तो माझ्यावरच्या प्रेमापोटी बोलला. पण असल्या खोट्या पट्ट्यांची ऑनलाइन विक्री २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने थांबवायला लावली होती, ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तो कागदाचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. शेजारच्यांचा सल्ला होता, डॉक्टरांकडून 'बेल्ट लावणं शक्य नाही' असा दाखला घ्या, म्हणजे पोलीस अडवणार नाहीत. हा मला पटण्याजोगा वाटला होता, खोटं कशाला सांगू.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री झोप येईना, तेव्हा मोबाइलवर वाचत बसायचे. बहुतेक माहिती अमेरिकेतली. तिथे सगळीकडे एकच लिहिलेलं: डावीकडे पेसमेकर असेल तर गाडी चालवताना पट्टा त्रास देतो. यजमानांनी ते वाचलं आणि हळूच म्हणाले, "मग तुझं ड्रायव्हिंग आता राहिलं." मला ते लागलं. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. त्यांना मोतीबिंदूमुळे रात्री दिवे फुटलेले दिसतात, अंधार पडला की गाडी माझ्याकडेच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळत होता. मी किल्ली घेऊन शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत गेले. पुढच्या डाव्या सीटवर पट्टा लावला. डाव्या खांद्यावरून, थेट डबीवर. मग वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पट्टा उजव्या खांद्यावरून आला आणि डाव्या कमरेशी अडकला. डबीच्या जवळपासही नव्हता! अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. त्यांचा ड्रायव्हर बसतो त्या बाजूला आपल्याकडे शेजारचा माणूस बसतो. भूगोल शिकवलेल्या मला हे लक्षात यायला चार आठवडे लागले. कुठलंही पॅड नको, कुठलाही दाखला नको, फक्त गाडीच्या उजव्या बाजूला बसायचं होतं. पुढे किंवा मागे.

मागे बसून बघायला गेले तर मागच्या पट्ट्यांची बकलंच सापडेनात. गाडी घेतली तेव्हा रेक्झिनचं सीटकव्हर चढवलं होतं, बकलं त्याच्याखाली गाडली गेली होती. नऊ वर्षांत मागे बसलेल्या एकालाही पट्टा लावता आला नव्हता, आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हा आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली होती, कव्हर मात्र तसंच राहिलं. रत्नागिरीत कुशनवाल्याकडे गाडी नेली. त्याने कव्हर कापून कडा शिवून दिल्या, तीन बकलं वर काढली आणि तीनशे रुपये घेतले. मागचा उजवा पट्टा बाहेर ओढला तर त्यावर हिरवी-काळी बुरशी. तो पूर्ण ओढून चिमटा लावून ठेवला, साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने पुसला, दोन दिवस पंख्याखाली वाळवला. ब्लीच किंवा तसलं जालीम काही वापरू नका, पट्ट्याचे धागे कमजोर होतात. खाऱ्या हवेने आणि बुरशीने पट्ट्याची कड करवतीसारखी कडक होते. नव्या कातडीला ती कड जास्त लागते, हे मी पुढच्या सीटवर भोगलं होतं.

पहिली तपासणी २६ जुलैला होती. त्याच आठवड्यात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, रस्त्यावर पाणी येण्याची लक्षणं होती, म्हणून फोन करून तारीख पुढे घेतली. ९ ऑगस्ट मिळाली. ते दोन आठवडे मनात धाकधूक होती, पण जखम कोरडी आहे, ताप नाही, चक्कर नाही, तर थांबायला हरकत नाही असं त्यांनीच सांगितलं. सूज, लाली, पाणी येणं किंवा ताप यातलं काही दिसलं असतं तर तारखेची वाट बघायची नव्हती.

९ ऑगस्टला पहाटे पाचला निघालो. मी यजमानांच्या मागे, उजव्या खिडकीशी. पट्टा उजव्या खांद्यावर, खालचा भाग पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर खाली ओढलेला. त्याच घाटात, त्याच खड्ड्यांत, पट्टा तितक्याच वेळा अडकला आणि मला एकदाही हात लावावा लागला नाही. आंब्याला धुक्यात थांबलो, तोवर मी झोपले होते.

तपासणीत टेक्निशियनने छातीवर चपटं यंत्र ठेवलं आणि समोरच्या पडद्यावर माझ्या दोन महिन्यांच्या ठोक्यांचा हिशेब आला. खालची मर्यादा मिनिटाला ६०, त्याखाली ठोके जाऊ लागले की डबी स्वतः ठोका देते. बॅटरी साधारण दहा वर्षं. पंधरा मिनिटांचं काम, सहाशे रुपये. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, तसे तुम्हीही न्या, समोर गेल्यावर आठवत नाही. पट्ट्याच्या दाबाने डबी बिघडेल का? नाही, ती टायटॅनियमची आहे. रोजच्या वापरातल्या पट्ट्याने तारांनाही काही होत नाही. पहिल्या आठवड्यांत प्रश्न असतो तो जखमेचा आणि कातडीचा. अपघात झाला आणि पट्टा डबीवर जोरात आवळला गेला तर? तर कितीही बरं वाटत असलं तरी येऊन डबी आणि तारा तपासून घ्यायच्या. एअरबॅग चालेल का? चालेल, फक्त छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभर तरी अंतर हवं, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. बॉनेट उघडून चालू इंजिनावर वाकायचं नाही.

शेवटी डॉक्टरांकडे दाखल्याचा विषय काढला. ते म्हणाले, "बाई, मी नाही देणार. पेसमेकर हे बेल्ट सोडायचं कारण नाही. एवढं करून तुमचं हृदय चालू ठेवलंय, ते काचेवर आपटायला नाही." आणि गाडी चालवायची परवानगी दिली. आधी आठवडाभर गावातल्या गावात, मग लांब. मला रडू आलं, ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

परतताना मुलाशी फोनवर बोलत होते, तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली ती मनात घर करून राहिली. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्वीडनमध्ये स्टॉकहोमला. बनवणारे इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट, बसवणारे सर्जन ओके सेनिंग आणि रुग्ण आर्ने लार्सन. ती पहिली डबी काही तासच चालली. पण लार्सन पुढे वीसहून जास्त डब्या बदलत २००१ पर्यंत जगले, इंजिनिअर आणि सर्जन दोघांच्याही मागे. आणि खांद्यावरून-कमरेवरून जाणारा आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये त्याच स्वीडनमध्ये नील्स बोहलिन यांनी व्हॉल्वो कंपनीसाठी तयार केला. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं केलं. माझ्या छातीवर एकमेकांना टेकणाऱ्या या दोन्ही वस्तू एकाच देशात वर्षभराच्या अंतराने जन्मल्या. घाट उतरेपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

विम्याचं थोडक्यात. हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत नव्हतं, म्हणून पैसे आधी भरले आणि नंतर मागितले. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, पावत्या इतकं पुरतं असं वाटलं होतं. तीन आठवड्यांनी पत्र आलं: पेसमेकरचं स्वतंत्र बिल आणि अनुक्रमांकाचा स्टिकर जोडा. तो स्टिकर हॉस्पिटलच्या केसपेपरवर चिकटवलेला असतो, त्याची शिक्का मारलेली प्रत मागावी लागते. डिस्चार्जच्याच दिवशी मागून घ्या, आम्हाला पुन्हा घाट चढायला लागू नये म्हणून ओळखीच्या एकाने ती आणून दिली. दोन लाख बेचाळीस हजार मंजूर झाले, हॉस्पिटलमधून निघाल्यापासून ६८ व्या दिवशी. पेसमेकरचं ओळखपत्र मात्र कुणालाही मूळ देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या. ते कायम पर्समध्ये हवं.

गणपतीला, ७ सप्टेंबरला, घर भरलं. अशा वेळी मला उजवीच जागा हवी असा हट्ट कसा धरणार, कधी सासूबाई मागे, कधी नातवाची सीट. डाव्या सीटवर बसायची वेळ येणारच. तेव्हा जाऊबाईंनी तोडगा काढला. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची गोधडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. तिची वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टी कापून पट्ट्याभोवती गुंडाळेल अशी शिवली आणि बंद लावले. दोनच पदर, म्हणजे पट्टा अंगाला चिकटूनच राहतो. सुती असल्याने घाम टिपते, सरकत नाही, आठवड्याला धुता येते. त्याबरोबर दाराजवळच्या खांबावरची पट्ट्याची कडी वर-खाली करून बघितली. आमच्या गाडीत ती एक खाच वर नेल्यावर पट्टा डबीच्या वरून मानेकडे गेला आणि मान कापू लागला. एक खाच खाली आणल्यावर खांद्याच्या मधोमध आला. तुमच्या उंचीप्रमाणे हे वेगळं येईल, उभ्या गाडीत सावकाश बघा. शेवटी पट्टा झटक्याने ओढायचा. अडकला तर पट्टी आड येत नाही असं समजायचं.

नोव्हेंबरमध्ये माझ्या लायसन्सची मुदत संपत होती. पंचावन्न वर्षांवरच्यांना नूतनीकरण पाच वर्षांचंच मिळतं. ऑनलाइन अर्जात फॉर्म १ येतो, स्वतःच्या प्रकृतीची घोषणा. त्यात विचारलेलं असतं, अचानक शुद्ध हरपण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे का? प्रश्न वर्तमानकाळातला आहे हे मला दिसत होतं, तरी 'नाही' वर खूण करायला हात धजेना. अर्ज तसाच ठेवला. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून पत्र मागवलं: ब्लॉकवर उपचार झाले आहेत, पेसमेकर व्यवस्थित चालतो, त्यानंतर एकदाही शुद्ध गेलेली नाही, खासगी गाडी चालवायला हरकत नाही. ते घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं, त्यांनी तपासून फॉर्म १अ वर, म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यावर, सही केली. मगच पुढची खूण केली. पत्रासाठी अकरा दिवस, लायसन्स पोस्टाने यायला आणखी तीन आठवडे. मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करा.

डिसेंबरात एका संध्याकाळी आरे-वारेच्या चढावरून मी गाडी चालवत होते, यजमान माझ्या डावीकडे. खाली समुद्र तांबडा झाला होता. पट्टा अंगावर आहे हे मी विसरून गेले होते.

यंदा जूनमध्ये वर्षाची तपासणी झाली, सगळं ठीक आहे. मागच्या आठवड्यात खालच्या वाडीतल्या एका काकांना बॅटरी बसवली, पुढच्या सोमवारी त्यांना टाके काढायला जायचं आहे. जाऊबाईंनी उरलेल्या गोधडीतून त्यांच्यासाठी पट्टी शिवली. ती द्यायला गेले तेव्हा त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडून पाहिलं. बकलं कव्हरखालीच होती. कात्री मागवली आणि उजव्या बाजूचं तेवढं लगेच मोकळं करून आले.